आतून मळकट

चिंचवड येथे स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने घर पाहताना पाणी, वीज आणि शेजार यांची चौकशी अवश्य करावी; परंतु त्याहीपूर्वी आपल्या मालकीची धातूची कोणतीही वस्तू बिघडलेल्या अवस्थेत परक्याच्या दृष्टीस पडणार नाही, अशी तजवीज करून ठेवावी. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीनचा कारखाना आला, १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने पुढे येथील माळरानांचे भूखंड पाडले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत या पंचक्रोशीत अशी एक मनुष्यजात उदयास आली की, जिला पृष्ठभाग दिसला असता त्यावरून अंगठा फिरवल्यावाचून राहवतच नाही. लग्नाच्या पंगतीत बसल्यावर, श्लोक सुरू होण्यापूर्वी, ताटाची कड चाचपून ‘बर राहिली आहे’ असे यजमानास गंभीरपणे कळवणारे गृहस्थ मी येथेच पाहिले. आणि मोरया गोसावींच्या समाधीच्या दर्शनासाठी रांगेत उभे असता ‘गजानना’ व ‘बिजागरीची अलाइनमेंट गेली आहे’ ही दोन वाक्ये एकाच श्वासात, सारख्याच भक्तिभावाने उच्चारली गेलेली मी येथेच ऐकली.

मी स्वतः या जातीचा नव्हे. माझा उभा जन्म एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेला; हातोडी हाती आली असता खिळा वगळून आसमंतातील सर्व वस्तूंवर माझा नेम अचूक बसतो, आणि या एकाच गुणामुळे आमच्या कट्ट्यावर माझी योजना श्रोता म्हणून झालेली आहे. श्रोत्यावाचून सल्ला देता येत नसल्याने हे पद रिकामे ठेवणे कोणालाच परवडणारे नाही. सबब पुढील हकीकतीत मी प्रारंभापासून अखेरपर्यंत हजर असलो तरी कोणत्याही कृत्यास जबाबदार नाही, ही गोष्ट प्रथमच नमूद करून ठेवतो.

हकीकत भाऊंच्या रिव्हॉल्व्हरची आहे. भाऊ म्हणजे जुन्या गावठाणातील एका वाड्याचे धनी. त्यांच्या वडिलांनी, शेतीवाडी आणि रोकड यांच्या संरक्षणार्थ, ३२ बोअरचे एक विलायती रिव्हॉल्व्हर परवान्यावर घेतले होते. ते वडिलांच्या पश्चात, वारसाचे दाखले, भावंडांची ना-हरकत पत्रे आणि पोलीस चौकशी यांच्या सोपस्कारांतून पार पडून, रीतसर भाऊंच्या नावे चढले. तोपर्यंत शेतीचे भूखंड होऊन गेले होते आणि रोकड बँकेत गेली होती. त्यामुळे संरक्षण करावे असे त्या शस्त्राच्या भोवती काहीच उरले नव्हते. मुदत सरत आली की परवान्याचे नूतनीकरण करावे आणि निवडणूक जाहीर झाली की शस्त्र ठाण्यात जमा करावे, एवढाच त्याचा दिनक्रम होता. लोकशाहीच्या प्रत्येक उत्सवात गैरहजर राहून सहभागी होणारा असा दुसरा नागरिक आमच्या वॉर्डात नसेल.

हा निरुपद्रवी क्रम सुरळीत चालला असता भाऊंच्या डॉक्टरांनी त्यांना चित्ताची एकाग्रता वाढवणारा एखादा छंद लावून घेण्यास सांगितले. डॉक्टरांच्या मनात बहुधा जपमाळ असावी. परंतु काळ मोठा विलक्षण होता. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीस क्रीडासंकुल उभे राहिल्यापासून नेमबाजी ही आमच्या हाकेच्या अंतरावर येऊन बसलेली विद्या. त्यात २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, आणि ते दूरदर्शनवर पाहताना महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवयीन पुरुषांना आपल्या मनगटात काहीतरी सुप्तावस्थेत पडून असल्याचा साक्षात्कार झाला. भाऊंना तो जरा उशिरा, साठी उलटल्यावर झाला, इतकेच. त्यांनी एका क्लबाचे सभासदत्व घेतले, कानांवर मोठे पट्टे चढवले आणि रविवारच्या रविवारी ते कागदावर गोळ्या झाडू लागले.

प्रारंभी सर्व ठीक चालले. पुढे मात्र असे होऊ लागले की, पहिल्या काही गोळ्या मध्यावर, त्यानंतरच्या कडेला, आणि पेटी संपत येईतो शेजारच्या माणसाच्या कागदावर. शेजाऱ्याचे गुण वाढू लागल्याने त्याने तक्रार केली नाही, म्हणून ही बाब काही काळ उजेडात आली नाही. अखेर एके दिवशी कागदावरील भोके वाटोळी न पडता लांबट पडलेली दिसली. म्हणजे गोळी नाकासमोर न जाता कुशीवर वळून गेली होती. भाऊंनी सिलिंडर बाहेर काढून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली आणि नळी उजेडाकडे धरून पाहिली, तो आत, पीळदार चरांच्या कडेकडेने, करड्या धातूचे पापुद्रे बसलेले. नळीत शिसे साचले होते.

नेमबाजीच्या जगात हा विकार जुना आणि सर्वज्ञात आहे. ३२ बोअरचे हे लांब काडतूस १८९६ पासून प्रचारात आहे. त्याची गोळी मुळात साधी शिशाची, वजनाने ९८ ग्रेनच्या आसपास. शिसे ३२७ अंशांवर वितळणारा मऊ धातू. त्यास पोलादी नळीतून पिळवटत, मागून पेटलेल्या दारूचा वायू लावून पळवले असता तो जाता जाता आपला थोडा अंश मागे ठेवून जातो, यात त्याचा काय दोष? एखाद-दुसऱ्या गोळीने काही बिघडत नाही. आमचे गाव चाफेकर बंधूंचे; २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण हे दोघे जे करून आले, त्यात नळी खराब होण्याइतक्या गोळ्या झाडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. हा रोग कार्य असणाऱ्यांना होत नाही. तो, कार्य नसताना, रविवारी कागदावर पन्नास-पन्नास गोळ्या उधळणाऱ्यांना होतो.

ही गोष्ट भाऊंनी वाड्याच्या चार भिंतींत ठेवली असती तर ब्रश आणि तेल यांनी तिचा निकाल लागला असता. त्यांनी ती कट्ट्यावर सांगितली.

“क्लिअरन्स,” फोरमनसाहेब तत्क्षणी म्हणाले.

फोरमनसाहेब एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात बंदूक हाताळलेली नाही. परंतु एका गोल वस्तूने दुसऱ्या गोल वस्तूतून जाणे या घटनेवर आपला अधिकार सर्वंकष आहे, अशी त्यांची धारणा. “पिस्टनची रिंग झिजली की ऑइल चढतं ना, तसंच हे. गोळी नळीला पुरी बसत नाही. फटीतून गॅस पुढे पळतो, जाता जाता गोळीची कड वितळवतो आणि नळीला डाग देतो. दोन थाऊचा मामला आहे.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आमच्याकडे मुलीच्या स्थळाची पत्रिका जुळवतानाही याहून जास्त ढिलाई खपवून घेत नाहीत.

वस्तुतः फोरमनसाहेबांचे हे निदान अक्षरशः बरोबर होते, आणि येथेच मायक्रोमीटर आणून मोजमाप घेतले असते तर पुढील सर्व अनर्थ टळला असता. परंतु ज्या कट्ट्यावर निदान पहिल्याच वाक्यात होते तेथे उरलेल्या सभासदांनी काय करावे? सबब ते निदान सर्वानुमते बाजूस ठेवण्यात आले.

प्रथम गोळी बदलण्याचा विचार झाला. तांब्याचे कवच असलेली गोळी वापरावी म्हणजे शिसे नळीस शिवणारच नाही, असे एकाने सुचवले. परंतु भाऊंच्या मनात स्पर्धेत उतरण्याची गुप्त महत्त्वाकांक्षा होती, आणि २५ मीटरच्या सेंटर फायर स्पर्धेत गोळी शिशाची किंवा तत्सम मऊ धातूचीच असली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे; ज्या प्रकारात २००६ च्या दोहा येथील आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी साधली, त्या प्रकारात कवच घालून उतरणे भाऊंना कमीपणाचे वाटले. मग दुसऱ्याने सुचवले की, शिशाच्या पन्नास झाडाव्यात आणि शेवटी एक कवचाची झाडावी, म्हणजे ती सर्व खरवडून नेईल. ही समजूत जगभर आहे आणि जगभर चुकीची आहे. कवचाची गोळी शिसे खरवडत नाही, ते इस्त्री करून अधिक घट्ट बसवते, आणि अरुंद झालेल्या नळीत दाब वाढवते तो निराळाच.

हे ज्ञान आम्हांस टेक्सासहून प्राप्त झाले. भाऊंचा भाचा तेथे संगणकाच्या नोकरीत आहे आणि फावल्या वेळात, त्या देशातील कायद्यास अनुसरून, आपल्या गॅरेजात शिसे वितळवून गोळ्या ओततो. (“एवढं एमएस केलं आणि शेवटी कल्हईवाल्याचं काम करतोय,” असे त्याची आई म्हणते.) रात्री उशिरा दूरध्वनीच्या पडद्यावर तो अवतीर्ण झाला आणि त्याने आम्हा सर्वांस शिकवणी दिली. निव्वळ शिसे ब्रिनेल मापाने जेमतेम ५ इतके कठीण. त्यात शेकडा ५ भाग कथील व ५ भाग अँटिमनी मिसळले की १५ च्या घरात जाते. आणि जुन्या छापखान्यांतील लायनोटाइपचा धातू, ज्यात अँटिमनीच शेकडा १२ च्या आसपास, तो २२ पर्यंत पोचतो. बंद पडलेल्या छापखान्यांचा असा धातू तेथील हौशी लोक शोधत हिंडतात.

कट्ट्यावर पुण्याच्या एका छापखान्यातून निवृत्त झालेले कंपोझिटर बसतात. त्यांचे आयुष्य शिशाचे खिळे जुळवण्यात गेले. हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

“म्हणजे आम्ही ज्याचे अग्रलेख जुळवले, त्याच्या तिकडे गोळ्या करतात?”

“हो, आजोबा.”

“करू देत. लागत तरी असतील.”

यावरून जितके कठीण तितके उत्तम, असा निष्कर्ष सर्वांनी एकमताने काढला. तोही भाच्याने धुळीस मिळवला. ३२ बोअरसारख्या सौम्य काडतुसाच्या दाबाला अतिकठीण गोळी दाद देत नाही. तिचा बुंधा फुगून नळीस घट्ट बसत नाही, फट तशीच राहते आणि शिसे अधिकच साचते. फार मऊ असेल तर घासले जाते, फार कठीण असेल तर फुगत नाही. आणि मुख्य म्हणजे, तो म्हणाला, गोळी कशाची आहे याच्या आधी ती केवढी आहे ते पाहा. नळीच्या चरांच्या व्यासाहून एखाद थाऊ जाड असलेली बरी. फोरमनसाहेब छातीवर हात बांधून आकाशाकडे पाहत होते.

तरीही गोळ्या आपणच ओताव्यात ही कल्पना चिंचवडच्या हवेत एकदा सुटली म्हटल्यावर ती सहजासहजी विरणारी नव्हती. ज्या गावात डाय कास्टिंगचे कारखाने गल्लोगल्ली आहेत तेथे चिमूटभर धातूचा साचा करणे म्हणजे काय मोठे! भोसरीहून एकाने साच्यासाठी पोलादाचा ठोकळा देऊ केला, दुसऱ्याने भट्टी, तिसऱ्याने तापमापक. नकाशाही एका पाकिटाच्या पाठीवर निघाला, त्यात माप दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत होते. इतक्यात कट्ट्याच्या कोपऱ्यात पेंगत असलेले वकीलसाहेब जागे झाले.

“शस्त्र अधिनियम १९५९, कलम पाच,” ते डोळे न उघडता म्हणाले. “परवान्यावाचून दारूगोळ्याची निर्मिती. शिक्षा कलम पंचविसात आहे. भट्टी कोणाची म्हणालात?”

भट्टी कोणाचीच नव्हती. ठोकळा दाराला लावायला आणला होता, आणि पाकिटाच्या पाठीवर असलेला नकाशा नातवाच्या गणपतीच्या मखराचा निघाला. गोळ्यांसाठी परवानाधारक दुकानदार आणि परवान्यावर नोंदलेली संख्या, यांपलीकडे भाऊंना मार्ग नाही, असे मी मनातल्या कार्यवृत्तात नोंदवले. मुळा नदीच्या पलीकडे खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, त्याच साली दामोदर चाफेकर यांचा चिंचवडास जन्म झाला, आणि तेव्हापासून गोळी तयार करण्याचे काम या परिसरात सरकारकडेच आहे, अशी ऐतिहासिक माहिती मी पुरवली. ती कोणी ऐकली नाही.

कारण तोपर्यंत वंगणाचा प्रश्न निघाला होता. शिशाच्या गोळीला कमरेभोवती बारीक खाचा असतात, त्यांत मेणचट वंगण भरलेले असते. गोळी पळता पळता ते नळीभर सारवत जाते, आणि नळी संपण्यापूर्वी ते संपले तर पुढच्या टोकाशी शिसे साचते. म्हणजे शिसे मागच्या बाजूस असेल तर मापाचा दोष, पुढच्या बाजूस असेल तर वंगणाचा, असा साधा आडाखा भाच्याने सांगितला. या आडाख्याने कट्ट्यात उभी फूट पाडली. नळी एकच आणि तीन-साडेतीन इंचांची. परंतु तिच्यात मागचे शिसे पाहणारे आणि पुढचे शिसे पाहणारे असे दोन पक्ष झाले, आणि पुढच्या पक्षात फोरमनसाहेबांचा व्याही असल्याने मागच्या पक्षात फोरमनसाहेब अधिकच कट्टर झाले.

वंगणाच्या बाबतीत प्रत्येक घराण्याची स्वतंत्र परंपरा असते हे मला त्या दिवशी समजले. घाटावरच्यांनी तीळतेल सुचवले. वैद्यबुवांनी एरंडेल सुचवले. ते सर्वच विकारांवर एरंडेल सुचवतात. मालवणकडील एका काकांनी भिरंडेलाचा गोळा घरून आणून पुढे केला.

“टाचांच्या भेगांना चालते ना? मग नळीला का चालू नये?”

“काका, भेग वेगळी, चर वेगळा.”

“भेग ती भेग,” काका म्हणाले, आणि भिरंडेल तेथेच ठेवून गेले.

भाच्याच्या देशात मधमाशांचे मेण आणि एक रासायनिक चिकट द्रव्य समप्रमाणात वापरतात. येथे मला राहवले नाही. मी म्हणालो की, गोळीला काय फासायचे या प्रश्नावर मतभेद होणे या देशात अपूर्व नव्हे. एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाला चरबी लावली ती नळीत मळ साचू नये आणि गोळी सुलभ उतरावी एवढ्याचसाठी, आणि १८५७ च्या जानेवारीत दमदमच्या छावणीतून त्या चरबीची वार्ता फुटली तेव्हा, शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण आपणच लावावे अशी मुभा सरकारने घाईघाईने दिली होती. म्हणजे आपला आजचा कट्टा तेव्हा भरता तर कंपनी सरकारास निराळीच डोकेदुखी झाली असती; बंड झाले नसते, पण वंगण ठरायला १८५९ उजाडले असते. हा विनोद मला बरा वाटला होता. “भिरंडेल तेव्हा कोणी सुचवलं नाही हीच तर चूक झाली,” असे काका लांबून म्हणाले, आणि सर्वजण त्यांच्याच वाक्यावर हसले.

वंगण ठरले असते तरी उपयोग नव्हता, कारण कारखान्यातून आलेल्या गोळीच्या खाचा काडतुसाच्या कोषाआड बंद असतात, आणि तयार काडतुसाला बाहेरून तेलतूप चोपडणे हा उपाय नसून उपद्व्याप आहे. हे भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते सर्वांच्या ध्यानात, चर्चा पूर्ण झाल्यावर आले.

आता उरले सफाईचे प्रकरण. कडक ब्रश आणि तेल यांनी थोडे निघाले, बरेच राहिले. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले की, जुन्या काळी नळीला बूच मारून आत पारा ओतीत. पारा शिशाशी एकजीव होऊन ते सोडवीत असे. वैद्यबुवांनी पारद आणि नाग यांचा संयोग शास्त्रसंमत असल्याचा निर्वाळा दिला. पाऱ्याची वाफ फुप्फुसांत गेली असता काय होते, याचाही निर्वाळा प्राध्यापकांनी पाठोपाठ दिला, तेव्हा कट्टा दोन हात मागे सरकला. मग कोणीतरी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण सुचवले. ते शिसे झटकन विरघळवते हे खरे, पण त्यातून उरणारे पाणी जहाल विष असते आणि फार वेळ राहिले तर पोलादही खाऊन टाकते. “चिंचेनं घासा,” वाड्याच्या ओसरीवरून वहिनी म्हणाल्या. “गावाचं नावच चिंचवड आहे, आणि तुम्ही व्हिनेगर कसलं शोधताय?” चिंच तांब्या-पितळेवर चालते, पोलादाला गंज आणते, हे त्यांना समजावून सांगण्याचे धैर्य कोणासही झाले नाही.

खरा उपाय अगदीच गरीब निघाला: रबराच्या बुचाभोवती पितळी जाळीचा तुकडा गुंडाळायचा आणि तो नळीतून ओढून काढायचा. पोलादाहून पितळ मऊ, शिशाहून कठीण; त्यामुळे शिसे निघते, नळीस ओरखडा जात नाही. अमेरिकेत याचे तयार साधन मिळते. फोरमनसाहेबांनी ते पाहून “याला विकत काय घ्यायचं?” असे म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी चहा गाळण्यावाचून आला. आजोबांच्या काळची पितळी गाळणी होती ती. शिशाचे करडे तुकडे अडकलेली ती जाळी सायंकाळी परत आली तेव्हा फोरमनीणबाईंनी ती चिमट्याने उचलून दाराबाहेर टाकली. शिसे पोटात जाते, हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला शिवायचे नाही, आणि तुमच्या त्या खेळाचे कोणतेही भांडे माझ्या स्वयंपाकघरात दिसता कामा नये, असे त्यांनी सांगितले. या संपूर्ण प्रकरणात उच्चारले गेलेले सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य हेच.

नळी स्वच्छ झाली. भाऊंनी पुढील रविवारी पन्नास गोळ्या झाडल्या. नळीत पुन्हा शिसे साचले.

तेव्हा कुठे कट्ट्याने मान खाली घालून मोजमापास मान्यता दिली. पवनेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या एका गृहस्थाकडून मऊ शिशाची गुंडी आणली. नळीस तेल लावून ती लाकडी दांडीने हलके हलके आरपार ढकलली, म्हणजे नळीचा आतील छाप तिच्यावर उमटला. परंतु नळीला चर पाच. सम संख्या असती तर समोरासमोर माप धरता येते; विषम असता मायक्रोमीटरचा एक जबडा चरात आणि दुसरा उंचवट्यावर पडतो. चार मायक्रोमीटर आणि सहा मते यांत सायंकाळ गेली. अखेर फोरमनसाहेबांनी व्ही-ब्लॉक आणला, त्यात गुंडी ठेवून त्रिकोणमितीने व्यास काढला, आणि मग सिलिंडरच्या सहाही घरांच्या पुढच्या तोंडात पिन गेज घालून पाहिले.

घरांची तोंडे नळीच्या चरांहून दोन थाऊंनी अरुंद होती. म्हणजे योग्य जाडीची गोळी घरातून निघतानाच आक्रसून बारीक होई आणि मग नळीत ढिली पडे. दोन थाऊ.

फोरमनसाहेब काही बोलले नाहीत. गेले काही आठवडे ज्यांनी त्यांचे वाक्य बाजूस ठेवले होते त्या एकेकाकडे त्यांनी पाहिले, आणि नंतर खिशातून मखमलीच्या पिशवीत गुंडाळलेला एक रीमर काढला. तो त्यांनी केव्हापासून खिशात बाळगला होता कोण जाणे. “सहा भोकं. दोन-दोन थाऊ. चहा होईपर्यंत आटपतो.”

“कलम पाच,” वकीलसाहेब म्हणाले. “निर्मिती, विक्री, बदल, दुरुस्ती. दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिरानंच करायची.”

एखाद्या मनुष्याच्या एका हातात रीमर, समोर दोन थाऊ कमी असलेले भोक, आणि मध्ये भारताची संसद, असे दृश्य मी पूर्वी पाहिले नव्हते. फोरमनसाहेबांनी त्या भोकावरून अंगठा मात्र फिरवला. त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. रिव्हॉल्व्हर एका परवानाधारक कारागिराकडे पाठवण्याचे ठरले आणि भाऊ अर्जाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. त्या प्रकरणातील माझे पहिले आणि एकमेव उपयुक्त कार्य सुरू होणार, इतक्यात निवडणूक जाहीर झाली आणि शस्त्र जमा करण्याची नोटीस आली.

ठाण्यातील मालखान्यात हवालदारांनी शस्त्र बारकाईने पाहिले. क्रमांक, बोअर, घरांची संख्या यांची नोंद झाली. मग त्यांनी नळी खिडकीकडे धरली.

“आत हे काय आहे?”

“शिसे,” भाऊ म्हणाले. “ते दोन थाऊंमुळे—”

“थाऊचा रकाना नाही,” हवालदार म्हणाले, आणि त्यांनी शेरा लिहिला: ‘नळी आतून मळकट.’ पावतीवर शिक्का बसला.

निकाल लागले, शस्त्र परत मिळाले, परवानाधारक कारागिराने सहाही तोंडे रीतसर मोठी केली, गाळणीच्या उरलेल्या जाळीने नळी घासली गेली, आणि भाऊंच्या गोळ्या वाटोळ्या भोकांनी, बहुतांशी त्यांच्या स्वतःच्याच कागदावर, पडू लागल्या. पेटी संपल्यावरही नळीत पाहिले तर आरपार लख्ख. फोरमनसाहेब ती येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवीत. पुढे दुसरी निवडणूक लागली. भाऊंनी शस्त्र आणि मागील पावतीची नक्कल हवालदारांपुढे ठेवली. त्यांनी क्रमांक ताडून पाहिला, बोअर ताडून पाहिले, नळी खिडकीकडे धरली, आणि बराच वेळ धरून ठेवली.

“दप्तरी ‘आतून मळकट’ अशी नोंद आहे.”

“साफ केली, साहेब.”

“ते तुम्ही म्हणता. पण वर्णन जुळत नाही. हे शस्त्र तेच कशावरून?”

भाऊंनी क्रमांकाकडे बोट दाखवले. हवालदारांनी शेऱ्याकडे बोट दाखवले. वकीलसाहेबांनी शंभराच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून देण्याची तयारी दर्शवली. फोरमनसाहेबांनी दोन थाऊंचा खुलासा आरंभापासून सुरू केला आणि व्ही-ब्लॉकपर्यंत आणला. मागे रांग वाढत चालली होती. हवालदार मनाने भले गृहस्थ होते. त्यांनी नोंदवही मिटली, पेनाला टोपण लावले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“एवढं सगळं कशाला करता? उद्यापर्यंत वेळ आहे. जरा मळवून आणा.”